जमैकाची पहिली सहल: एका कुटुंबाचे दोन बेत

हे प्रकरण आमच्याच घरचं आहे. न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये आम्ही चौघं राहतो. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, मी जोडीदाराच्या एच-४ वर, अकरा वर्षांची मुलगी आणि सात वर्षांचा मुलगा, दोघंही इथेच जन्मलेले. कॅरिबियनला आमच्यापैकी आधी कुणीच गेलेलं नव्हतं. जुलै २०२४ चा पहिला बेत मोडला, फेब्रुवारी २०२५ चा दुसरा जमला. दुसऱ्या वेळी रत्नागिरीहून आलेले माझे आई-बाबाही सोबत होते.

परत आल्यापासून ओळखीच्या पाच-सहा घरांनी मला विचारलं, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच होता: "रिसॉर्ट कुठलं घेतलंत?" तो प्रश्न शेवटी विचारायचा आहे, असं मला आता पक्कं वाटतं. आधी तारीख, मग कागदपत्रं. त्यानंतर बरोबर येणाऱ्यांत सगळ्यात कमी चालू शकणारं आणि सगळ्यात कमी पदार्थ खाऊ शकणारं माणूस कोण, ते बघायचं. रिसॉर्ट त्याच्या मागून येतं. आम्ही नेमकी उलट्या टोकानं सुरुवात केली होती, म्हणून तपशीलवार लिहिते आहे.

जुलैचा बेत

जमैका निवडायची कारणं साधी होती. भारतीय पासपोर्टवर तिथे ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. नुआर्कहून मॉन्टेगो बेला थेट विमान आहे आणि प्रवास चार तासांच्या आसपासचा. बार्बाडोसलाही व्हिसा लागत नाही, पण ते बेट पार पूर्वेला, आणि आमच्या तारखांना वाटेत विमान बदलावं लागत होतं. ४ जुलैच्या सुट्टीला जोडून २ ते ७ जुलै अशा तारखा धरल्या. रिसॉर्टचे दर हिवाळ्यातल्या दरांपेक्षा बरेच उतरलेले होते, ते बघून आम्ही खूश झालो. का उतरलेत, हे काही विचारलं नाही.

अटलांटिकमधला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असतो. खरा जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत, त्यामुळे जुलैची सुरुवात तशी बरी, असं सगळे सांगतात. बहुतेक वर्षी ते खरंही ठरतं. २०२४ साली ठरलं नाही.

२८ जूनला दूर पूर्वेकडे समुद्रात एक वादळ आकाराला आलं आणि त्याला बेरिल हे नाव मिळालं. २९ तारखेला सकाळपासून आमच्याकडे वीस माणसं जमली होती. बार्बाडोसला ब्रिजटाउनमध्ये टी-ट्वेंटी विश्वचषकाची अंतिम लढत होती. सूर्यकुमारनं सीमारेषेवर तो झेल घेतला तेव्हा घरात कुणी बसलेलं नव्हतं. भारत सात धावांनी जिंकला. सगळे पांगल्यावर नवऱ्यानं फोन उघडला आणि म्हणाला, "अगं, तिकडे वादळ येतंय म्हणे." त्याच दिवशी बेरिलचं चक्रीवादळ झालं होतं.

आम्हाला प्रवास विम्याची आठवण झाली ती त्या रात्री. विमा मिळत होता, पण उपयोगाचा नव्हता. वादळाला नाव मिळालं की विमा कंपन्यांच्या लेखी ती माहीत असलेली घटना होते, आणि त्यानंतर घेतलेल्या विम्यातून त्या वादळामुळे झालेलं नुकसान मिळत नाही. आम्हाला एका दिवसाचा उशीर झाला होता. कुठल्याही कारणानं सहल रद्द केली तरी पैसे देणारा आणखी एक महाग प्रकार असतो. तो साधारणपणे पहिला हप्ता भरल्यापासून दोन-तीन आठवड्यांच्या आतच घेता येतो, आणि त्यातही पन्नास ते पंचाहत्तर टक्केच परत मिळतात. हंगामात जायचं असेल तर विमा तिकिटाबरोबरच, त्याच बैठकीत घ्यावा.

१ जुलैला बेरिल ग्रेनाडातल्या करियाकू बेटावर आदळलं. २ तारखेला ते पाचव्या, म्हणजे सगळ्यात वरच्या श्रेणीत गेलं; अटलांटिकमध्ये वर्षात इतक्या लवकर त्या श्रेणीचं वादळ झाल्याची आधी नोंद नव्हती. ३ जुलैला ते जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला लागून गेलं. त्या दिवशी सबंध बेटावर संचारबंदी होती आणि विमानतळ बंद होते. विश्वचषक जिंकलेला आपला संघसुद्धा याच वादळामुळे बार्बाडोसला अडकून पडला आणि ४ जुलैला दिल्लीत उतरला.

आम्ही ३० जूनलाच ठरवलं, जायचं नाही. विमान कंपनीनं वादळामुळे तारीख बदलण्याचा दंड माफ केला. रिसॉर्टनं पैसे परत दिले नाहीत, पण वर्षभरात वापरता येतील असे जमा ठेवले. आणखी दोन दिवस वाट बघू, असा आग्रह माझा होता. नवऱ्यानं तो मानला नाही याबद्दल मी त्याची ऋणी आहे. वादळ वळेल या आशेवर मुलांना घेऊन विमानात बसणं म्हणजे त्या बेटावरच्या लोकांच्या संकटात आपल्या सहा दिवसांची भर घालणं. ते स्वतःची घरं सावरत असतील की आपल्याला नाश्ता वाढत असतील?

पासपोर्टवरचा शिक्का

पुढचा भाग एच-१बीवर असणाऱ्या प्रत्येक मराठी घरानं वाचावा, असं मला मनापासून वाटतं.

नव्या तारखा बघत असताना एका मैत्रिणीनं सहज विचारलं, "तुमचं स्टॅम्पिंग चालू आहे ना?" म्हणजे पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का. तो चालू नव्हता. नवऱ्याच्या पासपोर्टवरचा व्हिसा आणि माझाही, दोन्ही फेब्रुवारीत संपले होते. मुदतवाढीची मंजुरी हातात होती, आय-९४ (आत येताना मिळणारा, कधीपर्यंत राहता येईल ते सांगणारा दाखला) चालू होता, म्हणजे अमेरिकेत राहणं-काम करणं पूर्ण कायदेशीर. नवऱ्याचा एक सहकारी असाच संपलेला शिक्का घेऊन कॅनडाला चार दिवस जाऊन आला होता. त्यामुळे आमच्या डोक्यात बसलं होतं की तीस दिवसांच्या आतल्या सहलीला हे चालतं.

चालतं, पण कॅनडा आणि मेक्सिकोलाच. शिक्का संपलेला असला, आय-९४ चालू असला आणि तिथे गेल्यावर नव्या व्हिसाचा अर्ज केलेला नसला, तर तीस दिवसांच्या आत परत येता येतं. याला आपोआप नूतनीकरण म्हणतात. कॅरिबियन बेटांसाठी ही सवलत फक्त एफ आणि जे व्हिसावाल्यांना, म्हणजे विद्यार्थ्यांना आणि विनिमय कार्यक्रमांवर आलेल्यांना आहे. त्यातूनही क्यूबा वगळलेलं. एच-१बी आणि एच-४ ला नाही.

२ जुलैला आभाळ निरभ्र असतं तर आम्ही आनंदानं मॉन्टेगो बेला उतरलो असतो, कारण जमैकात शिरताना अमेरिकेच्या शिक्क्याची गरजच नव्हती. अडलो असतो ते परतीच्या काउंटरवर. मुलं अमेरिकन नागरिक, त्यांना येता आलं असतं. आम्हा दोघांना नाही. मग बेटाच्या दुसऱ्या टोकाला, किंग्स्टनच्या वकिलातीत मुलाखतीची तारीख मिळेपर्यंत थांबायचं, नोकरी इकडे, शाळा इकडे. हे कळलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

आम्ही सहल पुढे ढकलली आणि दिवाळीला भारतात गेलो. मुंबईत दोघांचं स्टॅम्पिंग करून घेतलं, आणि नोव्हेंबरात परतताना आई-बाबांना बरोबर घेऊन आलो.

दुसरा बेत: बाबांचे गुडघे आणि आईचं पान

न्यू जर्सीचा जानेवारी बाबांना सोसला नाही. गुडघे आखडले. सकाळी जिन्यावरून उतरताना ते कठड्याला धरून एकेक पायरी मोजत. "समुद्र बघून तीन महिने झाले," असं त्यांनी एकदा खिडकीशी उभं राहून म्हटलं, आणि मी रिसॉर्टच्या जमा पैशांची पावती काढली. फेब्रुवारीत जमैकात दिवसा २७-२८ अंश असतं. हिवाळ्याचा दर जुलैच्या जवळजवळ दीडपट होता. वरचा फरक भरला. विमा त्याच दिवशी घेतला, आणि आई-बाबांचा निराळा. त्यांच्यासाठी इकडे घेतलेला पाहुण्यांचा आरोग्य विमा जमैकात लागू नव्हता. तुमचाही बहुधा नसेल, विचारून घ्या.

या वेळी जागा निवडली ती बाबांच्या गुडघ्यांवरून. जमैकाची मोठी रिसॉर्टं तीन पट्ट्यांत आहेत. नेग्रिलची वाळू सगळ्यात सुंदर म्हणतात, पण विमानतळापासून गाडीनं दीड तास. ओचो रिओस पूर्वेला, तेही दीड-दोन तास. मॉन्टेगो बेमधली जागा विमानतळापासून वीस मिनिटांत. पहाटे चारला घर सोडून आलेल्या सत्तरीतल्या माणसाला हा फरक मोठा असतो. नेग्रिल पुन्हा कधीतरी.

मग रिसॉर्टला पत्र लिहिलं. खोलीपासून जेवणघर किती पावलांवर? मध्ये पायऱ्या आहेत का, लिफ्ट आहे का? किनारा हळूहळू खोल होतो की एकदम? आईच्या इन्सुलिनसाठी चालू फ्रिज आहे का? आणि मांस, मासे, अंडी यांतलं काहीही न खाणाऱ्या दोन माणसांना रोज नेमकं काय मिळेल? "शाकाहारी पर्याय उपलब्ध आहेत" या उत्तरावर थांबायचं नाही. आम्ही परत विचारलं, तेव्हा आचाऱ्यांच्या मुख्यानं स्वतः पदार्थांची नावं लिहून पाठवली. त्या यादीनंच माझी पहिली धाकधूक गेली.

जाण्याआधी दोन कामं. एक, जमैकाचा सी-५ हा प्रवेश आणि जकातीचा फॉर्म. तो तिथल्या सरकारी संकेतस्थळावर फुकट भरता येतो. पैसे मागणारं पान दिसलं तर ते सरकारी नाही. दुसरं, धाकट्याची हिरव्या-तपकिरी लष्करी छापाची चड्डी बॅगेतून काढली. जमैकात साध्या नागरिकांना तो छाप घालायला कायद्यानं बंदी आहे, अगदी लहान मुलांनाही कपडे बदलायला लावतात. कॅरिबियनमधल्या इतर काही देशांतही हा नियम आहे.

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची तेव्हाची सूचना तिसऱ्या पातळीची होती, जाण्याचा फेरविचार करा, अशी. ती नीट वाचली. तिच्यात ठरावीक वस्त्यांची नावं होती, आणि रिसॉर्टचा किनारपट्टा त्यांत नव्हता. आम्ही ठरवलं की रात्री बाहेर पडायचं नाही आणि लाल नंबरप्लेट नसलेल्या टॅक्सीत बसायचं नाही. परवानाधारक टॅक्सीची पाटी तिकडे लाल असते. मे २०२५ मध्ये ती सूचना दुसऱ्या, सौम्य पातळीवर आली.

संकष्टीचा दिवस

१५ फेब्रुवारीला, शनिवारी निघालो. आईच्या कालनिर्णयात संकष्टी १६ ला होती. पण अमेरिकेच्या वेळेनं चतुर्थी १५ च्या दुपारी लागून दुसऱ्या दिवशी दुपारीच संपत होती, म्हणजे चंद्रोदयाची चतुर्थी १५ लाच. आई म्हणाली, "जिथे चंद्र बघायचा तिथलाच दिवस धरायचा." म्हणजे विमानात उपास. मधुमेहामुळे ती निरंकार करत नाही, थोडं थोडं उपासाचं खाते. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू आणि राजगिऱ्याच्या वड्या होत्या. इन्सुलिन आणि सगळ्या गोळ्या मूळ वेष्टनात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, हातातल्या बॅगेत.

दुपारी एकला रिसॉर्टवर पोचलो. खोली तीनला मिळणार होती. मुलांचे पोहण्याचे कपडे वरच्याच बॅगेत ठेवले होते, त्यामुळे ती दोघं लगेच पाण्यात. खरी अडचण तीन वाजता आली. "बागेकडची खोली" म्हणून घेतलेली आमची इमारत मागच्या चढावर निघाली. पत्राला उत्तर आलं होतं की लिफ्ट आहे, ती होतीही. पण इमारतीपर्यंतचा रस्ता चढाचा. बाबा दोनदा थांबले. मी स्वागतकक्षात जाऊन ते पत्र दाखवलं, आवाज चढवला नाही, आणि खालच्या इमारतीतली तळमजल्याची खोली मागितली. ती दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. तोवर बॅटरीच्या गाडीनं ने-आण केली. लिहून घेतलेलं उत्तर हातात असलं की बोलणं सोपं जातं. तुम्ही मात्र लिफ्टबरोबर चढही विचारा, आणि रिसॉर्टचा नकाशा मागवून इमारतीचा क्रमांकच पक्का करून घ्या.

त्या दुपारी आईनं काय खायचं? बुफेवर फळं होती, कलिंगड, पपई, अननस. तेवढ्यात मला एका ताटात पांढऱ्या, जाडसर, तव्यावर भाजलेल्या चकत्या दिसल्या. वर लिहिलं होतं बॅमी. वाढणाऱ्या बाईंना विचारलं, हे कशाचं? त्या म्हणाल्या, कसाव्हा. किसून, पिळून, थापून भाजायचं आणि मग नारळाच्या दुधात भिजवून तळायचं. मी आईकडे वळले. "आई, कसाव्हा म्हणजे साबुदाण्याचा कंद." आईनं चकती हातात घेऊन वास घेतला, मोडून बघितली. "यात पीठ नाही ना मिसळलेलं?" नव्हतं. पण तळणीचं तेल माशांचंही होतं. त्या बाईंनी आत जाऊन निराळ्या तव्यावर, लोण्यात दोन चकत्या परतून आणल्या. आईनं साखरेचा हिशोब करून एकच खाल्ली. साबुदाण्याच्या थालीपिठासारखी लागते, पण मऊ, असं तिचं मत.

संध्याकाळी साडेआठच्या सुमारास आम्ही सगळे वाळूत उभे होतो, पूर्वेकडच्या टेकड्यांकडे तोंड करून. चंद्र वर आला तसा आईनं हात जोडले. दुपारच्या त्या बाई कामावरून घरी निघाल्या होत्या, त्याही थांबल्या आणि काही न विचारता चंद्राकडे बघत राहिल्या. या सबंध सहलीतली ही वीस मिनिटं मला सगळ्यात जास्त आठवतात. जेवणघर साडेनऊला बंद होणार होतं. उपास सोडायला आईला वेळेत पोचवलं.

पानात काय काय पडलं

पहिल्यांदा जाणाऱ्या शाकाहारी माणसाला सगळे सांगतात, तिकडे पास्ता आणि सॅलडवर दिवस काढावे लागतील. तसं अजिबात होत नाही, मात्र मागायचं काय ते ठाऊक हवं.

कॅलालू म्हणून जी पालेभाजी मिळते ती जमैकात माठाच्या कुळातली आहे. आईनं पहिल्या घासाला ओळखली. तिच्यात पुष्कळदा खारवलेला मासा घालतात, म्हणून आदल्या रात्रीच बिनमाशाची सांगून ठेवायची. राइस अँड पीजमध्ये वाटाणे नसतात. तो नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भात, थाइम आणि पिमेंटो घातलेला. पिमेंटोचे मण्यांसारखे दाणे लवंग, दालचिनी आणि जायफळ एकत्र कुटल्यासारखे वास देतात, आणि ते झाड मूळचं इकडचंच. फेस्टिव्हल ही मक्याच्या पिठाची गोडसर तळलेली लांबट भजी, मुलं तीवरच जगली. तिथल्या रास्ताफारी पंथाच्या लोकांचं जेवण आयटल म्हणून ओळखलं जातं, त्यात मांस नसतं आणि मीठही पुष्कळदा नसतं. हा एक शब्द आचाऱ्याला सांगितला की त्याला आपल्या पथ्याचा अर्धा भाग समजतो. अकी हे तिथलं राष्ट्रीय फळ, शिजवल्यावर भुर्जीसारखं दिसतं. ते कच्चं विषारी असतं. झाडावर आपसूक उकललेलंच वापरतात, म्हणून ते हॉटेलातच खावं, रस्त्याकडेचं झाड दिसलं म्हणून तोडू नये.

आणि नीरफणस. भाजलेल्या ब्रेडफ्रूटची फोड पानात आली तेव्हा बाबा काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आपल्या मागच्या दारचा." कोकणात आपण ज्याची कापं करतो तोच हा विलायती फणस. इंग्रजांनी १७९३ साली कॅप्टन ब्लायच्या जहाजातून ताहितीची रोपं जमैकात आणली, उसाच्या मळ्यांवरच्या गुलामांना स्वस्तात पोसायला. आंबा त्याच्या अकरा वर्षं आधी, १७८२ मध्ये, पकडलेल्या एका फ्रेंच जहाजातून आला. आपली माणसं आली १० मे १८४५ ला, ब्लंडेल जहाजातून ओल्ड हार्बर बेला, गुलामगिरी संपल्यावर मळ्यांवर करारानं राबायला. बहुतेक उत्तर भारतातली आणि मद्रासकडची, मराठी मुलखातली नव्हेत. पण गांजा हा शब्द, रोटी आणि रस्सा तिथे रुजले ते त्यांच्यामुळे. बाबा निवृत्त शिक्षक. त्यांनी हे नातवंडांना जेवता जेवता सांगितलं. रिसॉर्टनं मनगटाला बांधलेल्या पट्ट्यावर खाणंपिणं सगळं मिळतं, पण ही ओळख आपली आपणच करून घ्यावी लागते.

गांजाचा विषय निघालाच आहे तर स्पष्ट लिहिते. किनाऱ्यावर विकणारे येतात. जमैकानं २०१५ मध्ये कायदा सैल केला, थोडा गांजा जवळ बाळगल्याबद्दल आता अटक होत नाही. अमेरिकेच्या इमिग्रेशनपुढे मात्र त्याला क्षमा नाही. व्हिसावर असलेल्या माणसानं हात लावू नये. नम्रपणे "नको" म्हटलं की विकणारे पुढे जातात.

समुद्र

तिसऱ्या दिवशी सकाळी बाबा माझ्याआधी किनाऱ्यावर होते. "आज पाण्यात जाऊ देऊ नकोस मुलांना," म्हणाले. दिसायला ऊन होतं, वाराही फार नव्हता. पण लाटा लांबून, जाड होऊन येत होत्या. तासाभरात लाल बावटा लागला. हिवाळ्यात उत्तर अमेरिकेतून थंड हवेचे पट्टे खाली सरकतात आणि जमैकाच्या उत्तर किनाऱ्यावर समुद्र उसळतो. एक-दोन दिवसांत ओसरतो. हिवाळ्यात रिसॉर्टचा दर जास्त असला तरी असे दिवस त्यात येतातच. पाच दिवसांच्या सहलीत एक दिवस पाण्याबाहेर गेला तर काय करायचं, ते आधी योजून ठेवा. उन्हाळ्यात त्रास निराळा. साधारण मार्च ते ऑक्टोबर सारगॅसम हे तपकिरी शेवाळ वाहून येतं, किनाऱ्यावर कुजतं आणि वास मारतं. ते पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांवर जास्त साचतं.

आम्ही तो दिवस मार्था ब्रे नदीवर घालवला. बांबूचे तीस फुटी तराफे, एकावर दोन मोठी माणसं, मागे-पुढे काही नाही, फक्त नावाडी आणि त्याची काठी. गुडघ्यांना काहीही त्रास नाही. डन्स रिव्हरचा धबधबा जास्त प्रसिद्ध, पण तो पाण्यातून खडकांवर चढत जायचा असतो. नवरा आणि मुलगी दोघंच तिकडे गेली. आई-बाबांचा तराफा आमच्या पुढे होता. नावाडी कडेच्या झाडांची नावं सांगत होता आणि बाबा मराठी नावं सांगत होते, चिंच, जास्वंद, बांबूला कळक. उतरताना त्यानं बाबांच्या हाताला धरून त्यांना काठावर घेतलं आणि आपला नंबर दिला.

बक्षिसीचं सांगायचं तर काही रिसॉर्टांत ती दरात धरलेली असते आणि नोकरांना घ्यायची परवानगी नसते, काही ठिकाणी चालते. आधी विचारा. बाहेर मात्र एक आणि पाच डॉलरच्या सुट्या नोटा हव्यातच. अमेरिकन डॉलर सगळीकडे घेतात, पण सुटे जमैकन डॉलरमध्ये मिळतात, आणि एका अमेरिकन डॉलरला दीडशेच्या वर जमैकन डॉलर होते, तो हिशोब डोक्यात असू द्या. डासांचं मलम न्या, तिकडे डेंग्यू आहे. आंघोळीला आणि इतर सोयीला लागणारा प्लास्टिकचा तांब्याही न्या. ज्येष्ठांसाठी मला तो पासपोर्टच्या खालोखाल महत्त्वाचा वाटतो.

परत येताना

जमैकात अमेरिकेचं इमिग्रेशन आधी होत नाही, ते नुआर्कला उतरल्यावर. आई-बाबांचा व्हिसा अनेकदा प्रवेशाचा होता, तरी त्यांची भारतात परतायची तिकिटं मी छापून ठेवली होती, आणि अधिकाऱ्यानं तीच मागितली. पाच दिवस बेटावर जाऊन आलं की नव्यानं सहा महिने मिळतात, असा समज बाळगू नये. किती दिवस द्यायचे ते समोरचा अधिकारी ठरवतो. आम्हा दोघांना नवा आय-९४ मिळाला. त्यावरची तारीख घरी आल्या आल्या तपासली, कारण पासपोर्ट लवकर संपणार असेल तर ती तारीखही तिथेच तुटते.

आईला नीरफणस आणायचा होता. ताजी फळं आणता येत नाहीत, तिची समजूत घालावी लागली. भाजलेली कॉफी, पिमेंटोचं पाकीट आणि चिंचेचे साखरेत घोळवलेले गोळे आणले, फॉर्मवर लिहून. पिमेंटो आई रत्नागिरीला घेऊन गेली आणि गोड्या मसाल्यात घालून बघितला.

२८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा हे पाचव्या श्रेणीचं चक्रीवादळ जमैकाच्या पश्चिम भागावर आदळलं. वाऱ्याचा वेग ताशी २९५ किलोमीटर होता. ब्लॅक रिव्हर गाव उद्ध्वस्त झालं, मॉन्टेगो बेमध्ये पाणी शिरलं. बाबांनी रत्नागिरीहून फोन केला आणि पहिल्यांदा त्या नावाड्याचंच विचारलं. मी त्याला निरोप पाठवला. अकरा दिवस निरोपापुढे एकच खूण दिसत होती, म्हणजे तो पोचला नव्हता. बाराव्या दिवशी उत्तर आलं: घरचे सगळे बरे आहेत, छप्पर गेलं, तराफा गेला, बांबू तोडायला सुरुवात केली आहे, आणि ते काका कसे आहेत?